छायाचित्रकार घडतो कसा?

इंदूर, ग्वाल्हेर किंवा वडोदरा येथील एखाद्या जुन्या मराठी घरात माळ्यावरची पेटी उघडली, की तीत जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेले एखादे तरी छायाचित्र हमखास सापडते. मधोमध खुर्चीवर पागोटे घातलेले वृद्ध गृहस्थ, त्यांच्या दोहो बाजूंस नऊवारी नेसलेल्या स्त्रिया, पायाशी जरीच्या टोप्या घातलेली मुले, आणि मागे पडद्यावर रंगवलेली बाग. मुलांपैकी एकाने ऐन वेळी मान हलविल्यामुळे त्याचा चेहरा पुसट उमटलेला असतो. पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात स्टुडिओचे नाव सोनेरी अक्षरांत छापलेले असते. मात्र समोर बसलेल्या माणसांची नावे कोठेच नसतात. घरातील सर्वांत वडील व्यक्तीला विचारावे, तर ती चष्मा पुसून बराच वेळ पाहत राहते, आणि हे बहुधा धाकटे काका असावेत, असे म्हणून छायाचित्र परत देते.

यंत्राने आपले काम चोख केले होते. प्रकाश पडला, काचेवर उमटला, कागदावर उतरला आणि शंभर वर्षे टिकलाही. अपुरे राहिले ते माणसाचे काम. कोणाचे चित्र, कशासाठी काढले, ते जपून ठेवावे असे कोणाला का वाटले, या प्रश्नांची उत्तरे यंत्र देत नाही. छायाचित्रणाची कला शिकू पाहणाऱ्या प्रत्येकास केव्हा ना केव्हा याच प्रश्नांपाशी यावे लागते. आज तर प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्ये कॅमेरा आहे. मुंजीपासून निरोपसमारंभापर्यंत एकेका प्रसंगाची शेकडो चित्रे निघतात आणि त्यांतील बहुतेक पुन्हा कोणी उघडूनही पाहत नाही. अशा दिवसांत छायाचित्रकार म्हणून वाढणे म्हणजे नेमके काय, याचा थोडा विचार करणे अनाठायी होणार नाही.

प्रथम यंत्राविषयी. कॅमेरा ही मूळची अगदी साधी वस्तू आहे. एक काळोखी पेटी. तिच्या तोंडाशी भिंग. भिंगातून येणारा प्रकाश कमीअधिक करणारे छिद्र. तो किती वेळ आत येऊ द्यावयाचा हे ठरविणारी झडप. आणि मागील बाजूस प्रकाशाचा परिणाम टिपणारी काच, फिल्म किंवा आजच्या यंत्रातील विजेवर चालणारी चकती. छिद्र मोठे केले म्हणजे प्रकाश भरपूर येतो, परंतु ज्या वस्तूवर भिंग रोखले असेल तेवढीच स्पष्ट दिसते आणि तिच्या मागचे सर्व पुसट होते. छिद्र लहान केले म्हणजे जवळचे व दूरचे दोन्ही स्पष्ट येते. पण मग झडप अधिक वेळ उघडी ठेवावी लागते आणि तेवढ्यात कोणी हलले तर त्याची आकृती फिसकटते. पेटीतील छायाचित्रातल्या त्या मुलाचे असेच झाले. या देवघेवीचा हिशेब शिकण्यास फार तर काही महिने लागतात, आणि आता तो बहुतांशी यंत्रच करून टाकते.

यानंतरची पायरी अनुकरणाची. प्रत्येक नवशिका मावळत्या सूर्याचे चित्र काढतो, पाण्यातील नावेचे काढतो, सुरकुतलेल्या चेहऱ्याच्या आजीबाईंचे काढतो. कारण अशी चित्रे त्याने पूर्वी पाहिलेली असतात आणि लोकांनी त्यांची वाहवा केलेली त्यास ठाऊक असते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मुलेदेखील कित्ता गिरवूनच लिहावयास शिकतात. परंतु कित्ता संपल्यावर कधी तरी स्वतःचे पत्र लिहावयाचे असते, आणि तेथेच पुष्कळांचा हात थबकतो. लिहावे कोणास, आणि सांगावे तरी काय?

या प्रश्नाचे उत्तर एकाच प्रकारचे नाही. महाराष्ट्राबाहेर ज्या गावांत मराठी माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत, त्याच गावांशी निगडित असलेल्या तीन छायाचित्रकारांची आयुष्ये पाहिली, तर हे उत्तर तीन निरनिराळ्या वाटांनी कसे सापडले ते दिसून येते.

पहिली वाट इंदुराहून निघते. लाला दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मेरठजवळच्या सरधना येथे झाला. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते १८६६ मध्ये इंदुरास सार्वजनिक बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या कामावर रुजू झाले. छायाचित्रणास त्यांनी १८७४ च्या सुमारास हात घातला, तेव्हा त्यांचे वय तीस वर्षांचे होते आणि तो केवळ फावल्या वेळचा छंद होता. त्या काळी हा छंद म्हणजे मोठाच खटाटोप असे. ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर रासायनिक लेप देऊन, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, चित्र घेऊन, लगेच अंधारात धुवावी लागे. काच वाळली की सारे फुकट. चित्र घेण्यास डोंगरावर जावयाचे तर अंधारखोलीचा तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी यांसह जावे लागे.

दुसरे तुकोजीराव होळकर आणि मध्य भारतातील इंग्रज प्रतिनिधी सर हेन्री डेली यांनी दीनदयाळांना उत्तेजन दिले. १८८२ च्या सुमारास सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर त्यांनी बुंदेलखंडात प्रवास केला. ग्वाल्हेर, खजुराहो, सांची अशा स्थळांची त्यांनी काढलेली छायाचित्रे ग्रिफिन यांच्या १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य भारतातील स्मारकांवरील ग्रंथात आली. ही चित्रे आजही पाहावीत. इमारतींच्या उभ्या रेषा ताठ आहेत. सूर्य तिरपा येऊन कोरीव कामाच्या खाचा उठून दिसाव्यात, अशी वेळ साधलेली आहे. उभे राहण्याची जागा तर जणू मोजमाप घेऊनच ठरविली आहे. नकाशे काढणाऱ्या माणसाचा डोळाच येथे कामास आला, असे म्हणावयास हरकत नाही. छंद वाढीस लागला तेव्हा दीनदयाळांनी आपला जुना पेशा मनातून पुसून टाकला नाही. तो बरोबर घेऊनच ते पुढे गेले.

प्रथम दीर्घ रजा आणि नंतर नोकरीचाच निरोप, असे करून ते निजामाच्या राज्यात गेले. सहावे निजाम महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले. सिकंदराबाद येथे, व पुढे १८९६ साली मुंबईतही, त्यांनी स्टुडिओ थाटला. पडद्यातील स्त्रियांसाठी १८९२ मध्ये हैदराबादेत स्वतंत्र स्टुडिओ काढून तो एका इंग्रज बाईंच्या हाती सोपविला. निजामाने त्यांना ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला. त्यांनी दरबार टिपले, शिकारी टिपल्या, राजवाडे टिपले. आणि १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात चाललेल्या मदतीच्या कामांची चित्रेही घेतली. १९०५ साली ते निवर्तले. त्यांच्या काचपट्ट्यांपैकी सुमारे २,८०० काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवलेल्या आहेत. आपल्या हाती असलेले ज्ञान सोडू नये, त्यातूनच आपली दृष्टी घडते, हा त्यांच्या आयुष्यातून मिळणारा पहिला धडा होय.

दुसरी वाट मुंबई व दिल्लीवरून जाऊन वडोदऱ्यास संपते. होमाई व्यारावाला यांचा जन्म १९१३ साली नवसारीस एका पारशी कुटुंबात झाला. वडील फिरत्या नाटक मंडळीत नट होते. होमाईंनी मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले आणि छायाचित्रण मात्र माणेकशॉ व्यारावाला यांच्याकडून आत्मसात केले. पुढे त्या दोघांचा विवाह झाला. आरंभीची त्यांची कित्येक चित्रे पतीच्या नावावरच छापली गेली, कारण त्या काळी वृत्तपत्रासाठी छायाचित्रे काढणाऱ्या स्त्रीचे नाव कोणास ठाऊक नव्हते. १९४२ साली दोघे दिल्लीस गेली. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्यावर घेऊन, सायकलवरून हिंडणारी ही एकटी स्त्री राजधानीतील पुरुष छायाचित्रकारांच्या घोळक्यात उभी राहू लागली.

त्यांच्या हातातील रोलीफ्लेक्स कॅमेऱ्याच्या एका रोलात बाराच चित्रे बसत. फ्लॅशचा दिवा एकदा पेटला की जळून जाई. म्हणून समोर इतिहास घडत असला तरी बोट आवरून धरावे लागे. कोणत्या क्षणी कळ दाबावयाची याचा विचार आधी, आणि चित्र मागाहून. १९४७ च्या जून महिन्यात फाळणीच्या योजनेवर काँग्रेसच्या समितीत हात वर झाले, ते त्यांनी टिपले. १५ ऑगस्टचा सोहळा टिपला. १९५६ साली दलाई लामा सिक्कीममधील नथू ला खिंडीतून भारतात आले, तेव्हाही होमाई तेथे होत्या.

तथापि त्यांच्या मनात सर्वांत खोल राहिली ती न काढलेल्या चित्राची आठवण. १९४८ च्या ३० जानेवारीस त्या गांधीजींच्या प्रार्थनासभेला जाण्यासाठी निघाल्या होत्या. उद्या दोघे मिळून जाऊ, असे पतीने सुचविल्यामुळे त्या माघारी वळल्या. त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. अंत्ययात्रेची चित्रे त्यांनी घेतली, पण ती हळहळ त्यांनी उतारवयातही बोलून दाखविली. छायाचित्रकाराच्या धंद्यातील एक कठोर सत्य यात आहे. लेखक आठवून लिहू शकतो, चित्रकार आठवून रंगवू शकतो. छायाचित्रकारास मात्र त्या वेळी त्या जागी असावेच लागते. गेलेल्या क्षणाची भरपाई कोणत्याही कौशल्याने होत नाही.

१९६९ साली माणेकशॉ वारले. पुढल्याच वर्षी होमाईंनी कॅमेरा खाली ठेवला. नव्या पिढीच्या छायाचित्रकारांत चाललेली धक्काबुक्की आणि समोरच्या माणसाचा मान न राखण्याची वृत्ती त्यांस रुचेना. जुन्या मंडळींनी पोशाखाचे, वागण्याचे आणि अंतर राखण्याचे काही संकेत पाळले होते. ते सुटले, तेव्हा आपलेही काम संपले असे त्यांनी मानले. त्यानंतर त्या मुलाकडे पिलानीस राहिल्या आणि पुढे वडोदऱ्यास आल्या. १९८९ मध्ये मुलगाही गेला. एका लहानशा घरात, बागेतील झाडांची निगा राखीत, त्या एकट्या राहत असत. शेजाऱ्यापाजाऱ्यांस या वृद्ध बाईंनी काय काय पाहिले आहे याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. पुष्कळ वर्षांनी अभ्यासकांचे लक्ष तिकडे गेले. २००६ साली सबीना गडीहोके यांनी त्यांच्यावर ग्रंथ लिहिला, २०११ साली पद्मविभूषण मिळाले, आणि १५ जानेवारी २०१२ रोजी वडोदऱ्यासच त्यांचे निधन झाले.

चाळीस वर्षे कॅमेऱ्याला हात न लावणाऱ्या व्यक्तीस छायाचित्रकाराच्या वाढीचा नमुना म्हणून पुढे करणे कोणास विचित्र वाटेल. परंतु वाढ म्हणजे केवळ अधिकाधिक चित्रे काढीत जाणे नव्हे. ज्याचे चित्र आपण घेतो त्याच्याशी आपले काही नाते असते, आणि ते नाते राखता येत नसेल तर चित्र न घेतलेलेच बरे, हे कळणे हीसुद्धा वाढच होय. आज अपघातस्थळी जखमी माणसास उचलण्याऐवजी मोबाइल पुढे करणारे हात आपण पाहतो, तेव्हा होमाईंच्या त्या मौनाचा अर्थ अधिकच स्पष्ट होतो.

तिसरी वाट वडोदऱ्यातूनच निघते आणि खेड्यापाड्यांत जाते. ज्योती भट्ट यांचा जन्म १९३४ साली भावनगरास झाला. वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विश्वविद्यालयात ललितकलांची शाखा नुकतीच सुरू झाली होती, त्या पहिल्या तुकड्यांत ते दाखल झाले. तेथे त्यांना शिकविणाऱ्यांत इंदुरास जन्मलेले प्रख्यात चित्रकार नारायण श्रीधर बेंद्रे होते. भट्ट यांनी पुढे इटली व अमेरिका येथे जाऊन शिक्षण घेतले, चित्रकार आणि मुद्राचित्रकार म्हणून नाव मिळविले, आणि वडोदऱ्यास अध्यापनही केले. छायाचित्रण ही काही त्यांची निवडलेली कला नव्हती.

एकोणीसशे साठ ते सत्तर या दशकाच्या उत्तरार्धात गुजरातच्या लोककलेवर एक परिसंवाद भरावयाचा होता. त्यासाठी खेड्यांतील कलेची छायाचित्रे घेण्याचे काम त्यांच्याकडे आले. काम मर्यादित होते. करून मोकळे व्हावे इतकेच. परंतु गावांत गेल्यावर जे दिसले त्याने ते गुंतले. भिंतींवर मातीने उठविलेली नक्षी, दारांवरील चित्रे, अंगणातील साथिये, राजस्थानातील घरांच्या गेरूने सारवलेल्या जमिनीवर चुन्याच्या पांढऱ्या रेषांनी घातलेले मांडणे. आणि हे सर्व करणाऱ्या, कोठेही सही न ठेवणाऱ्या स्त्रिया. माळव्यात राहणाऱ्या मराठी वाचकांस मांडणे अपरिचित नाहीत, आणि रांगोळी तर आपल्या प्रत्येक दारातली. या कलेचा स्वभावच असा, की ती टिकण्यासाठी केलेली नसते. सण आला की भिंत पुन्हा सारवतात, जुने चित्र पुसले जाते, नवे निघते. आई काढते ते पाहून मुलगी शिकते. पण घर सिमेंटचे झाले, भिंतीस तैलरंग आला, मुलगी शहरात गेली, की ती साखळी तुटते. आणि तुटली हे कोणाच्या ध्यानातही येत नाही, कारण जुन्या नक्षीचा पुरावा उरलेला नसतो.

ज्योती भट्ट पुन्हा गेले, आणि पुन्हा गेले. मित्र व सहकलावंत राघव कनेरिया यांच्यासारखे सोबती त्यांस लाभले. गुजरातेतून राजस्थान, मध्य प्रदेश आणि देशाच्या इतर भागांत असे हिंडणे वर्षानुवर्षे चालू राहिले. त्यांच्या कृष्णधवल चित्रांत केवळ नक्षीची नक्कल नाही. भिंतीवरचा मोर आणि त्याच भिंतीला टेकून बसलेली घरधनीण, दारावरचा हत्ती आणि दारात उभे असलेले पोर, अशी कला आणि तीत राहणारी माणसे एकाच चौकटीत येतात. नक्षी वेगळी कापून दाखविली असती तर ती संग्रहालयातील वस्तू झाली असती. माणसांसह ती घर राहिली. यांतील अनेक भिंती आता उरलेल्या नाहीत. त्यांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह बंगळूरच्या कला आणि छायाचित्र संग्रहालयात आहे, आणि २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एका परिसंवादापुरते हाती घेतलेले काम आयुष्याचे काम झाले, याचे कारण ते एका गोष्टीपाशी थांबले.

दीनदयाळ, होमाई आणि ज्योती भट्ट यांच्या यंत्रांत, काळांत आणि स्वभावांत मुळीच साम्य नाही. साम्य आहे ते एवढेच, की प्रत्येकास आपण कोणत्या गोष्टीचे साक्षीदार आहोत हे हळूहळू उमगले, आणि मग यंत्र त्या गोष्टीच्या सेवेस लागले. छायाचित्रास वैयक्तिक अर्थ येतो तो याच मार्गाने. काढणाऱ्याने चित्रात आपली भावना ओतावी, असे सांगितले जाते; परंतु भावना काही डब्यातील रंगाप्रमाणे ओतता येत नाही. एका विषयाकडे वारंवार जावे, त्याची ओळख वाढावी, त्याची काळजी वाटू लागावी, म्हणजे ती चित्रात आपोआप उतरते.

हे सर्व मोठ्या कलावंतांपुरतेच आहे असे कोणी समजू नये. बेळगावच्या एखाद्या शिक्षकास, मडगावच्या दुकानदारास किंवा हैदराबादेतील गृहिणीसही ही वाट मोकळी आहे. आपल्या घरापासून पायी जाता येईल असा एकच विषय निवडावा. आठवड्याचा बाजार घ्यावा, गल्लीतील कारागीर घ्यावेत, एखादे जुने झाड घ्यावे, किंवा घरातील म्हाताऱ्या माणसांचे हात घ्यावेत. वर्षभर निरनिराळ्या प्रहरी तेथे जावे. पहिल्या महिन्यात चित्रे कंटाळवाणी येतील, कारण जे सर्वांस दिसते तेच दिसेल. तो कंटाळा सोसला, की त्यापुढे डोळा उघडू लागतो. बाजारातील भाजीवाली बाई सकाळी पेंढ्या कशा रचते आणि संध्याकाळी उरलेल्या पेंढ्यांकडे कशी पाहते, हा फरक तिसऱ्या महिन्यात कळतो. तोपर्यंत तिचे नाव कळलेले असते, आणि तिने आपल्याला ओळखलेले असते.

चित्र घेण्यापूर्वी माणसास विचारावे. नाही म्हटले तर मुकाट्याने यंत्र बाजूस ठेवावे. घेतलेले चित्र छापून एक प्रत ज्याची त्यास नेऊन द्यावी. त्या एका प्रतीने जे दार उघडते ते कोणत्याही महागड्या भिंगाने उघडत नाही. वर्षाअखेरीस सर्व चित्रे समोर मांडून बाराच ठेवावीत. रोलीफ्लेक्सच्या रोलात बाराच बसत, हे आठवावे. कोणती बारा, हे ठरविताना काढणाऱ्यास आपल्या मनाचा जेवढा पत्ता लागतो तेवढा वर्षभर कळ दाबूनही लागत नाही. जी चित्रे लोकांस आवडली त्यांपैकी कित्येक गळतात, आणि कोणी न पाहिलेले एखादे साधे चित्र जागा धरून बसते. ते का बसले याचा शोध घ्यावा. पुढच्या वर्षाचा विषय बहुधा तेथेच सापडतो.

आणि शेवटी, त्या बारांच्या पाठीवर शिसपेन्सिलीने माणसाचे नाव, गाव आणि तारीख लिहावी. हे काम क्षुल्लक वाटते, पण माळ्यावरच्या पेटीतील त्या छायाचित्रात नेमकी हीच एक गोष्ट राहून गेली होती. खुर्चीवरचे गृहस्थ, दोन स्त्रिया, मान हलविणारा मुलगा, सारी माणसे समोर असूनही हरवली. दोन ओळी कोणी लिहून ठेवल्या असत्या, तर आज घरातील नातवंडास त्या मुलाकडे बोट दाखवून सांगता आले असते, की हे आमचे पणजोबा. त्यांना लहानपणी एका जागी बसवत नसे.